वाण बदलते गावात, कळते पुण्यात

२०१७ चा कापसाचा हंगाम आठवतो ना? बोंड वरून टपोरे, हिरवेगार. फोडून पाहावे तर आत गुलाबी अळी आणि किडलेली सरकी. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचे बीटी आले आणि 'आता बोंडअळीची कटकट मिटली' असे आपण सगळेच म्हणू लागलो. पुढे याच अळीने मराठवाडा-विदर्भात हातातोंडाशी आलेला घास हिरावून नेला. असे का झाले, हे आज जालना जिल्ह्यातला कुठलाही जाणता कापूस उत्पादक सांगेल. लाखो अळ्यांत ज्या चार-दोन अळ्यांना बीटीचे विष बाधत नव्हते त्या वाचल्या आणि त्यांचीच पैदास वाढली. बियाण्यासोबत येणारे नॉन-बीटीचे १२० ग्रॅमचे छोटे पाकीट आपल्यापैकी अनेकांनी बांधावर फेकून दिले, त्याने अळीचे काम आणखी सोपे झाले. अळी काही शाळा शिकलेली नव्हती. जी तगली तिचा वंश वाढला, एवढेच.

हा जुना विषय उकरून काढायचे कारण असे की, दर पावसाळ्यात आणि हिवाळ्याच्या शेवटी घराघरांत जो ताप-खोकला येतो, त्यामागचे विषाणूही असेच बदलत असतात. अळीच्या एका पिढीला महिनाभर लागतो, विषाणूची पिढी काही तासांत होते. आणखी एक मोठा फरक आहे. बोंड फोडले की अळी डोळ्यांना दिसते. विषाणूचे बदललेले वाण दिसायला रुग्णाच्या नाका-घशातला किंवा मेलेल्या पक्ष्याचा नमुना लागतो आणि तो वाचणारी प्रयोगशाळा लागते. म्हणजे वाण बदलते ते गावात, बाजारात, गोठ्यात, खुराड्यात. पण कळते ते पुण्यात नाही तर भोपाळला. तेही नमुना तिथवर पोचला तर! आजचा मुद्दा हाच आहे.

नक्कल करताना झालेली चूक

जालना म्हणजे बियाण्यांचे गाव. 'वाण', 'संकर', 'शुद्धता' हे शब्द इथे चहाच्या टपरीवरही ऐकू येतात. तेव्हा विषाणूचे शास्त्र आपल्याला जड जायचे कारण नाही.

विषाणू म्हणजे एक चिठ्ठी समजा. ती दुसऱ्याच्या घरात शिरते आणि त्या घरातल्या माणसांकडून स्वतःच्याच हजारो नकला काढून घेते. घर म्हणजे आपल्या नाका-घशातली, फुप्फुसातली पेशी. कोरोनाच्या चिठ्ठीत सुमारे ३० हजार अक्षरे आहेत, फ्लूच्या चिठ्ठीत सुमारे साडेतेरा हजार. पूर्वी तलाठी हाताने सातबारा उतरवून देत, तेव्हा एखादा आकडा चुकायचाच. तसेच इथे होते. बहुतेक चुकांनी चिठ्ठीच निकामी होते. काही चुकांनी काहीच फरक पडत नाही. पण लाखात एखादी चूक अशी निघते की तिच्यामुळे विषाणू पेशीला जास्त घट्ट चिकटतो, किंवा आधीच्या आजाराने, लसीने तयार झालेली आपली राखण त्याला ओळखत नाही. मग त्याच नकला पुढे पसरतात. कोरोनाच्या विषाणूकडे चुका तपासणारा एक कारकून तरी आहे. फ्लूकडे तोही नाही. म्हणून फ्लूत अशा चुका जास्त साठत जातात.

ही झाली पहिली रीत. दुसरी रीत संकराची. फ्लूची चिठ्ठी अखंड नसते, तिचे आठ तुकडे असतात. एकाच जनावराच्या एकाच पेशीत दोन वेगळे फ्लू एकाच वेळी शिरले, तर तुकड्यांची अदलाबदल होऊन तिसरेच वाण बाहेर पडू शकते. डुकराच्या श्वासनलिकेत पक्ष्यांचाही फ्लू रुजतो आणि माणसाचाही, म्हणून डुक्कर हे अशा संकराचे सोयीचे शेत ठरते. मात्र इथे नर-मादी निवडणारा कोणी नाही, फुले झाकणाऱ्या पिशव्या नाहीत आणि शुद्धता तपासणारा तर नाहीच.

असा संकर खरोखर होतो का? २००९ मध्ये झालेला अख्ख्या जगाने पाहिला. पक्षी, डुक्कर आणि माणूस या तिघांकडच्या फ्लूचे तुकडे असलेले एच१एन१ चे नवे वाण त्या वर्षी एप्रिलमध्ये मेक्सिको आणि अमेरिकेत सापडले. मे महिन्यात ते हैदराबादला उतरलेल्या एका प्रवाशात आढळले आणि ३ ऑगस्ट २००९ रोजी देशातला पहिला मृत्यू आपल्या पुण्यात नोंदला गेला. शाळा बंद, रस्त्यावर तोंडाला रुमाल आणि मास्क, तपासणीसाठी रांगा, हे चित्र कोरोनाच्या अकरा वर्षे आधी महाराष्ट्राने पाहिले होते. 'स्वाइन फ्लू' या नावामुळे गैरसमज मात्र फार झाला. हा आजार डुकराचे मांस खाल्ल्याने होत नाही. आता तो माणसाकडून माणसाकडेच येतो.

लस दरवर्षी का बदलते?

ते वाण परत गेले नाही, इथेच राहिले. २०१५ मध्ये देशात त्याच्या ४२ हजार ५९२ रुग्णांची आणि २ हजार ९९० मृत्यूंची नोंद झाली. २०१७ मध्ये पुन्हा ३८ हजार ८११ रुग्ण आणि २ हजार २७० मृत्यू. म्हणजे ज्या वर्षी आपण बोंडअळीशी झुंजत होतो, त्याच वर्षी हाही आजार गावोगाव फिरत होता. या काळात वाणही बदलले. २००९ पासून लसीत कॅलिफोर्निया नावाचे वाण वापरले जात होते. २०१७ च्या लसीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने ते काढून मिशिगन नावाचे वाण घालायला सांगितले, कारण रुग्णांच्या नमुन्यांत तेच मिळू लागले होते.

'मागच्या साली सुई घेतली होती, आता पुन्हा कशाला?' असे लोक विचारतात. त्याचे उत्तर यात आहे. जगभरातून आलेले नमुने पाहून ही संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत आणि सप्टेंबरमध्ये, पुढच्या हंगामाच्या लसीत कोणते वाण घ्यायचे ते सुचवते. कृषी विद्यापीठ तांबेऱ्याचा प्रकार पाहून गव्हाचे वाण शिफारस करते, तसेच हे. कधी उलटेही घडते. फ्लूची 'यामागाता' नावाची एक शाखा मार्च २०२० नंतर जगात कुठे खात्रीने सापडलेलीच नाही. कोरोनाकाळात माणसे घरात बसली, तोंड झाकून वावरली, तिला पुढचे घर मिळाले नाही आणि तिचा वंशच खुंटला. मग लसीतूनही तिला वगळण्याची शिफारस झाली. पसरायला माणूस मिळाला नाही की वाणही मरते, याचा याहून मोठा पुरावा कोणता हवा?

पाय माणसाचे, प्रवास विषाणूचा

विषाणूला स्वतःचे पाय नसतात, तो आपल्या पायांनी फिरतो. १९१८ च्या जूनमध्ये मुंबई बंदरात इन्फ्लुएन्झा उतरला. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याची दुसरी, जास्त घातक लाट आली आणि रेल्वेच्या रुळांवरून ती देशभर गेली. हिंदुस्थानात सव्वा ते दोन कोटी माणसे त्यात गेली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. तेव्हा जालना निजामाच्या राज्यात होते आणि मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गाने मुंबईच्या वाटेला लागलेले होते. हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १९११ च्या जनगणनेत सुमारे १ कोटी ३३ लाख होती, ती १९२१ मध्ये सुमारे १ कोटी २४ लाखांवर आली. त्या दहा वर्षांत प्लेग होता, दुष्काळही होता. पण इन्फ्लुएन्झाने केलेली हानी फार मोठी होती. साऱ्या देशाची लोकसंख्या घटली असे जनगणनेच्या इतिहासातले हे एकच दशक.

तेव्हा एक लोहमार्ग होता. आज जालन्यावरून समृद्धी महामार्ग जातो. सकाळी नागपूरला निघालेला माणूस त्याच दिवशी मुंबईत. पोलाद कारखान्यांत परप्रांतांतले कामगार आहेत. बियाणे, मोसंबी, सळई यांच्या मालमोटारी देशभर जातात. आणि दिवाळीच्या सुमारास मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात पाच-सहा महिने कोपीत राहून चैत्राच्या सुमारास परततात. एका कोपीत पाच-सहा जण, शेजारी जनावरे. तिथे ताप आला तर अंगावर काढायचा, कारण खाडा केला तर पैसे कापले जातात. विषाणूला पसरायला यापेक्षा सोपी जागा कोणती? दोष त्या कुटुंबांचा नाही. त्यांच्यापर्यंत तपासणी पोचत नाही, हा दोष व्यवस्थेचा आहे.

अमरावतीचा धडा

नमुना वेळेवर वाचला नाही तर काय होते, हे आपल्याच राज्याने २०२१ मध्ये भोगले. फेब्रुवारीत अमरावती, अकोला, यवतमाळकडे रुग्ण एकाएकी वाढले. राज्यात इतरत्र जरा उसंत होती, लग्ने लागत होती, बाजार भरत होते. 'तिकडे वऱ्हाडात वाढलाय, इकडे काय?' असे आपल्याकडेही लोक म्हणत होते. २२ फेब्रुवारीपासून अमरावतीत आठवडाभराची टाळेबंदी लागली. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की महाराष्ट्रातल्या १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन खास बदल एकत्र सापडले आहेत आणि डिसेंबरच्या मानाने त्यांचे प्रमाण वाढते आहे. वर्तमानपत्रांनी त्याला 'डबल म्युटंट' म्हटले. त्याच घराण्यातल्या एका शाखेला ३१ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने 'डेल्टा' हे नाव दिले. तोवर ऑक्सिजनसाठीची धावाधाव आणि स्मशानातल्या रांगा आपण पाहून झालो होतो.

यातली मेख अशी. डेल्टाचे सर्वांत जुने नमुने भारतातले आणि ऑक्टोबर २०२० मधले आहेत. म्हणजे वाण आले ऑक्टोबरात आणि लोकांना कळले मार्चअखेर. मधले पाच महिने ते फिरत राहिले. विषाणूंचे वाण तपासण्यासाठी देशातल्या दहा प्रयोगशाळांचा गट उभा राहिला तोच मुळी डिसेंबर २०२० च्या शेवटी, आणि त्यानंतरही पुरेसे नमुने वाचून व्हायला वेळ लागला. याच्या शेजारी दुसरे उदाहरण ठेवा. दक्षिण आफ्रिकेत ओमिक्रॉनचा पहिला नक्की झालेला नमुना ९ नोव्हेंबर २०२१ चा होता आणि त्या देशाने २४ नोव्हेंबरला जगाला सावध केले. फक्त पंधरा दिवस! ओमिक्रॉन पसरायचे ते पसरलेच. पण दवाखान्यांना, सरकारांना तयारीला वेळ मिळाला. पेरणीआधी पावसाचा अंदाज मिळणे आणि पेरून झाल्यावर मिळणे, यात जो फरक तोच हा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. कोरोनाची जी तपासणी आपण करत होतो, त्यात विषाणू आहे की नाही एवढेच बहुधा कळते. कोणत्या वाणाचा आहे ते कळायला चिठ्ठीतली सगळी अक्षरे वाचावी लागतात. सरकी हातात घेतली की ती कापसाची आहे हे कोणीही सांगेल. कोणत्या वाणाची आहे हे सांगायला प्रयोगशाळा लागते. सुरुवातीच्या दिवसांत तर जालन्याचे नमुने साध्या तपासणीसाठीही बाहेरच्या जिल्ह्यांत जात आणि अहवालाची वाट पाहत माणसे दिवस काढत.

'लसीमुळेच नवे वाण आले' असे सांगणारे लोकही गावोगाव भेटतात. त्यांनी तारखा पाहाव्यात. लसीकरणाची रंगीत तालीम राज्यात जालन्यासह चार जिल्ह्यांत झाली ती २ जानेवारी २०२१ रोजी, आणि प्रत्यक्ष लस सुरू झाली १६ जानेवारीला. डेल्टाचा नमुना त्याआधीच्या ऑक्टोबरमधला. हिशोब जुळत नाही. आपल्या राखणीला चुकवणारे वाण पुढे सरकते हे खरे. मग ती राखण आजारातून आलेली असो की लसीतून. पण आजारातून राखण मिळवायची म्हणजे जिवाची किंमत मोजायची. लसीने तो धोका पुष्कळ कमी होतो.

परसातली कोंबडी

आता पक्ष्यांकडे वळू, कारण फ्लूचे मूळ घराणे पाणपक्ष्यांत आहे. बर्ड फ्लूचा, म्हणजे एच५एन१ चा, भारतातला पहिला मोठा उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. लाखो कोंबड्या पुराव्या लागल्या. महिनाभरात आपल्याला लागून असलेल्या जळगाव जिल्ह्यातही तो सापडला. माणसाला लागण झाल्याचे तेव्हा आढळले नाही. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात सुमारे ८०० कोंबड्या मेल्या. भोपाळच्या पशुरोग प्रयोगशाळेने तो बर्ड फ्लूच असल्याचे सांगितले. परभणी तर आपल्या शिवारालाच लागून. जानेवारी २०२५ मध्ये लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला कावळे पडून मेले, तेही याच रोगाने. त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या याच विषाणूने दगावल्याचे स्पष्ट झाले. मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत हा विषाणू चक्क दुभत्या गायींत सापडला आणि पुढे हजारावर कळपांत पसरला. कोंबडीतून वाघात, वाघातून गायीत असा हा प्रवास नव्हे. पण एकच विषाणू किती वेगवेगळ्या जनावरांत रुजू लागला आहे, ते यातून दिसते.

घाबरून जायचे कारण नाही. एच५एन१ माणसाला क्वचित होतो आणि माणसाकडून माणसाकडे तो सहजासहजी जात नाही. पण ज्याला होतो त्याच्या जिवाला मोठा धोका असतो. देशातला पहिला मृत्यू जुलै २०२१ मध्ये दिल्लीत झाला, हरियाणातल्या अकरा वर्षांच्या मुलाचा. शास्त्रज्ञांचे लक्ष आहे ते एवढ्यासाठीच की उद्या चुकांतून किंवा संकरातून माणसाकडून माणसाकडे सहज जाणारे वाण निघू नये. नीट शिजवलेले चिकन, उकडलेली अंडी आणि उकळलेले दूध यांना धोका नाही. धोका आहे तो आजारी पक्षी हाताळण्यात, मेलेला पक्षी उघड्यावर फेकण्यात आणि आजारी कोंबडी स्वस्तात कापून खाण्यात.

लपवण्यात तोटा कोणाचा?

आता खरा प्रश्न. तुमच्या खुराड्यातल्या दहा कोंबड्या दोन दिवसांत मेल्या. तुम्ही काय कराल? मनावर हात ठेवून सांगा. बहुतेक जण गुपचूप खड्डा करतील, किंवा नाल्यात टाकतील आणि उरलेल्या कोंबड्या येत्या बाजारात विकून मोकळे होतील. कारणही उघड आहे. कळवले तर डॉक्टर येणार, नमुना जाणार, अहवाल वाईट आला तर एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारणार, दहा किलोमीटरपर्यंत निगराणी लागणार. शेजारी म्हणणार, 'तुमच्यामुळे आमच्याही गेल्या.' आणि एकदा बातमी फुटली की भाव पडणार. फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये चिकनने कोरोना होतो अशी निव्वळ अफवा उठली होती, तरी पोल्ट्रीवाल्यांना कोंबड्या फुकट वाटण्याची, पिल्ले पुरण्याची वेळ आली. ज्याने कर्ज काढून शेड उभी केली, त्याने ते दिवस कसे विसरावेत?

म्हणून 'लोक अडाणी आहेत, लपवतात' असे म्हणून मोकळे होणे बरोबर नाही. लोक हिशोब करतात. पण त्या हिशोबात एक चूक आहे, ती दाखवणे भाग आहे. सरकारी नियमाप्रमाणे भरपाई मिळते ती शासनाने मारलेल्या पक्ष्यांची. रोगाने आधीच मेलेल्यांची नव्हे. म्हणजे दहा मेल्यावर कळवले तर उरलेल्या नव्वदांची भरपाई, आणि नव्वद मेल्यावर कळले तर फक्त दहांची. लपवण्याने विषाणूचा फायदा, आपला नाही. शिवाय जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा २००९ चा कायदा आहे. असा रोग दिसला तर मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवले पाहिजे, असे तो सांगतो.

त्याच वेळी शासनालाही सांगणे आहे. आधी मेलेल्या पक्ष्यांचा एक पैसाही मिळणार नसेल, तर परसात पाच-पन्नास कोंबड्या पाळणारी बाई पहिल्या दिवशी दवाखान्यात येईल कशाला? लवकर कळवणाऱ्याला मेलेल्या पक्ष्यांचीही काही भरपाई द्या. तो खर्च उशिरा लागलेल्या आगीपेक्षा स्वस्तच पडेल. भरपाईचे पैसेही हप्त्या-दोन हप्त्यांत हातात पडले पाहिजेत. एका गावात वेळेवर पैसे मिळाले, तर पुढची चार गावे आपणहून कळवतील.

आपण काय करायचे, शासनाने काय करायचे

आपल्या हातातल्या गोष्टी साध्या आहेत. एकाच वेळी चार-सहा पक्षी मेले, किंवा कावळे-बगळे पडलेले दिसले, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात सांगा. १९६२ या क्रमांकावरही कळवता येते. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका, विहिरीत-ओढ्यात टाकू नका. कोंबड्यांचे खुराडे आणि डुकरांचा वावर एकमेकांपासून लांब ठेवा. बाजारातून आणलेला पक्षी दोन आठवडे वेगळा बांधा. नवे जनावर आणले की आपण तसे करतोच ना?

माणसांचेही तसेच. ताप-खोकल्यात बाजाराला, कार्याला, पंगतीला जाणे टाळा. जावेच लागले तर तोंडाला उपरणे तरी बांधा. दम लागत असेल, किंवा घरात म्हातारे माणूस, गरोदर सून, साखरेचा आजार असलेला कोणी असेल, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. फ्लूचे औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तरच त्याचा नीट उपयोग होतो. मेडिकलवरून अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या आणून खाणे थांबवा. विषाणूवर त्या चालत नाहीत, उलट जंतू बोंडअळीसारखे निर्ढावतात. आणि दवाखान्यात नाकातला नमुना मागितला तर 'कशाला उगाच' म्हणू नका. तो नमुना एकट्या रुग्णासाठी नसतो, साऱ्या शिवारासाठी असतो.

शासनाकडे मागणी तीनच. पहिली, २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. तिथून ताप-श्वसनाच्या रुग्णांचे ठरावीक नमुने दर आठवड्याला, बाराही महिने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेपर्यंत गेले पाहिजेत. साथ आल्यावर जागे होणे म्हणजे पिकावर अळी चढल्यावर फवारणीची निविदा काढणे. दुसरी, माणसांचा दवाखाना आणि जनावरांचा दवाखाना यांनी एकमेकांशी बोलावे. गावात कोंबड्या मेल्या त्याच आठवड्यात तिथल्या आशाताईंकडे तापाचे रुग्ण वाढले का, हे एका टेबलावर दिसले पाहिजे. तिसरी मागणी सगळ्यांत स्वस्त आहे: निकाल गावात परत आला पाहिजे. ज्याने नमुना दिला त्याला पुढे काय झाले ते कळत नसेल, तर पुढच्या वेळी तो का देईल? ग्रामपंचायतीच्या फळ्यावर दोन ओळी लिहायला निधी लागत नाही.

पुण्याची विषाणू संस्था १९५२ पासून उभी आहे. यंत्रे आहेत, जाणकार आहेत. पण ती यंत्रे वाचतात ते आपण पाठवलेलेच. बोंडअळीच्या वेळी पहिले किडके बोंड फोडून कृषी कार्यालयात नेणारा कोणीतरी शेतकरी होता म्हणून रोग ओळखला गेला. पुढच्या वाणाच्या वेळी ते बोंड आपल्या शिवारातले असेल, तर ते लपवू नका. दवाखान्यात न्या.